तूनआजोबांचं मत

मत देऊन शामला जगदाळे सभागृहाबाहेर आली आणि सायकलचं कुलूप काढताना तिच्या लक्षात आलं, की आपण चक्क गुणगुणतोय. आठवडाभर जिवाला लागलेला घोर आत, त्या लाल पेन्सिलीपाशी राहून गेला होता. मार्चातलं ऊन पडलं होतं. इथलं मार्चातलं ऊन डोळ्यांना दिसतं, पाठीला लागत नाही, पण आज तिला तेवढंही पुरलं.

खरं तर तिनं दोन मतं दिली होती. एक स्वतःचं, या देशातलं पहिलंवहिलं. दुसरं शेजारच्या तून फर्हूफेन यांचं, त्यांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्या सहीनं. घोर होता तो या दुसऱ्याचा. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या मतानं चांगल्या शिकल्यासवरल्या बाईची झोप का उडावी, हे समजायचं तर शामला मूळची कोण, तिथून सुरुवात करायला हवी.

शामला कऱ्हाडकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं पंधराएक वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना बाराखडी शिकवली. सरकारला जे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेता येत नाही ते शिक्षकांच्या गळ्यात पडतं, तसं निवडणुकीचंही पडायचं. शामला जाताना कुरकुरायची आणि केंद्रावर पोचली की पदर खोचून बसायची. बोटाला शाई लावायच्या कामात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाई नखावर आणि कातडीवर दोन्हीकडे लागलीच पाहिजे, मग समोर सरपंच असोत नाहीतर सरपंचांची आई.

अशाच एका ड्युटीला एक म्हातारी आली. ठेवणीतलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. यादीत बघतात तर तिच्या नावासमोर खूण आधीच झालेली. सकाळच्या गर्दीत कुणीतरी तिच्या नावावर मत देऊन पसार झालं होतं. केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे तिला वेगळी मतपत्रिका दिली, ती पाकिटात घातली, सगळं रीतसर झालं. म्हातारीचं समाधान मात्र झालं नाही. ती शामलाच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाई, ज्यानं माझं मत दिलं त्यानं ते कुणाला दिलं, तेवढं तरी सांगा की." ते कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हातारी बोटाच्या शाईकडे बघत निघून गेली. पुढे कित्येक निवडणुका झाल्या, पण शामलाला निवडणूक म्हटलं की ती म्हातारीच आठवायची.

मग राघवला, म्हणजे शामलाच्या नवऱ्याला, आइंडहोवनकडे चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. शामलानं आधी बिनपगारी रजा घेतली आणि मग राजीनामा दिला. आइंडहोवनमधली भाडी परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी टिलबर्गजवळच्या एका लहान गावात, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत घर घेतलं. मुलगी जुई तेव्हा लहान होती. आता ती पंधरा वर्षांची आहे, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते आणि राग आला की डचमध्ये बोलते.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात बेल वाजली. दारात एक उंच, थोडे वाकलेले म्हातारे गृहस्थ. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्यांनी शामलाला खुणेनं रस्त्यावर नेलं, तिचा कचऱ्याचा डबा उचलून उलटा फिरवला, शेजारचा स्वतःचा डबा दाखवला आणि बोट हलवून बजावलं, की डबा या तोंडानं उभा करायचा. मग आपल्या घरात गेले आणि दार लावून घेतलं. शामला संध्याकाळपर्यंत धुमसत होती. दुसऱ्या आठवड्यात तिनं डबा बरोबर लावला, तेव्हा त्याच गृहस्थांनी तिच्या दारात लीकच्या, म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारख्या भाजीच्या, दोन जुड्या आणून ठेवल्या. तेच तून फर्हूफेन. आता ऐंशी ओलांडलेले, पूर्वी लोकरीच्या गिरणीत मागांची दुरुस्ती करणारे. बायको रीट वारलेली, मुलगा तिकडे युट्रेख्टला.

पुढे दर गुरुवारी शामला त्यांच्याकडे कॉफीला जाऊ लागली. तिला डच बोलायला माणूस हवं होतं आणि त्यांना नुसतंच माणूस. ती इतकं त्यांच्याकडून शिकली, की वाचनालयातल्या डचच्या वर्गात तिनं तोंड उघडलं की शिक्षिका मिर्यम हसायची. "तुझं व्याकरण ठीक आहे, पण तू आपल्या या ब्राबांत प्रांतातल्या म्हाताऱ्यासारखी बोलतेस." निरोप घेताना शामला 'हाउडू' म्हणायची, जे इथं गावाकडचे आजोबाच म्हणतात. जुई त्यांना तूनआजोबा म्हणायची आणि त्यांच्याशी बोलताना तिची डच आपोआप मवाळ व्हायची.

त्या वाचनालयातल्या वर्गातच शामलाला इथली राज्यघटना भेटली. मिर्यमनं एकदा सगळ्यांना एकेक पातळ पुस्तिका वाटली. शामलाला वाटलं, हे म्हणजे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकातलं पहिलं पान, ज्याच्यावर संविधानाची उद्देशिका छापलेली असते आणि जे सगळे उलटतात. पण तिनं पहिलं कलम वाचलं आणि ती थबकली. नेदरलँड्समध्ये जे जे आहेत त्या सगळ्यांना सारख्या परिस्थितीत सारखं वागवलं जाईल, असं तिथं होतं. जे डच आहेत ते नव्हे, जे इथं आहेत ते. शामला इथं होती. तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं, मग मास्तरीण जागी झाली आणि तिनं विचारलं, "यात नागरिकांची कर्तव्यं कुठे आहेत? आमच्या घटनेत त्यांचं वेगळं कलम आहे." मिर्यमनं पानं चाळली, कर आणि देशाचं संरक्षण असं काही थोडं दाखवलं आणि म्हणाली, "बाकीची लिहिलेली फारशी नाहीत. ती शेजारी शिकवतात." शामलाला कचऱ्याचा डबा आठवला आणि हसू आलं.

त्याच पुस्तिकेत मागे कुठेतरी एक कलम होतं, की जे लोक इथं राहतात पण इथले नागरिक नाहीत, त्यांनाही नगरपरिषदेसाठी मत देण्याचा हक्क कायद्यानं देता येईल. आणि कायद्यानं तो दिलेला होता, इथं सलग पाच वर्षं रीतसर राहिलेल्या माणसांना. शामलाची पाच वर्षं भरली होती. फेब्रुवारी संपता संपता तिच्या नावाचा मतदानाचा पास पत्रपेटीत येऊन पडला. अर्ज केला नव्हता, हेलपाटे घातले नव्हते, कुणाची ओळख काढली नव्हती. ती तो पास हातात घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ उभी राहिली. राघव म्हणाला, "अगं, पाठवतातच तो सगळ्यांना." शामला म्हणाली, "म्हणूनच तर."

या हक्काचा तिला उपयोगही होता. नोकरी सोडल्यापासून आपण कोण, या प्रश्नाचं उत्तर तिला सापडत नव्हतं. मग तिनं गावातल्या सभागृहाची, ज्याला इथं बुर्तहाउस म्हणतात, मागची खोली शनिवार सकाळसाठी मागून घेतली आणि मराठीचा वर्ग सुरू केला. आसपासच्या इंजिनिअरांची मुलं यायची. मीनल म्हणून एक मैत्रीण होती, ती आपला मुलगा श्रीहर्ष याला आइंडहोवनहून घेऊन यायची. शनिवारी सकाळी हातात खडू आला की शामलाला स्वतःचा पत्ता लागायचा.

निवडणुकीची पत्रकं घरात यायला लागली तेव्हा तिनं सगळी वाचायचं ठरवलं आणि दुसऱ्याच पत्रकाला अडखळली. इथं प्रत्येक पक्षाच्या उमेदवारांची एकेक नंबरची यादी असते; हे पत्रक नऊ नंबरच्या यादीचं होतं, 'आधी आपलं गाव' नावाच्या पक्षाचं. पान तीनवर लिहिलं होतं, की गावाच्या सभागृहातल्या खोल्या यापुढे डच भाषेत चालणाऱ्या कार्यक्रमांनाच मिळतील. शामलानं पत्रक तिथंच मिटलं. सभागृहं आणि वाचनालयं सर्वांना खुली ठेवू म्हणणारी दुसरी एक यादी होती, तिचं पोस्टर तिनं आणून दर्शनी खिडकीच्या काचेला चिकटवलं. राघव जरा बिचकला. "आपण बाहेरचे. कशाला उगाच काचेवर?" तिनं चिकटपट्टीचा दुसरा तुकडा तोडला आणि त्याला कोपरा धरायला लावला.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग तूनआजोबा पडले. नाशपातीच्या झाडाची छाटणी करताना शिडीवरून घसरले आणि पाय मोडून घेतला. मतदानाच्या आधीच्या गुरुवारी शामला गेली, तेव्हा ते प्लॅस्टरातला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. त्यांनी तिच्यासमोर स्वतःचा मतदानाचा पास ठेवला. मागच्या बाजूला सही केलेली, सोबत ओळखपत्राची प्रत.

"माझं मत तू देऊन ये," ते म्हणाले.

शामला खुर्चीतून उठलीच. "हे कसं चालेल? आमच्याकडे याला बोगस मतदान म्हणतात. पोलिस नेतात."

तूनना तिची भीती समजेना आणि तिला त्यांचं शांत बसणं समजेना. शेवटी त्यांनी पासच्या मागचा मजकूर तिला वाचायला लावला. ज्याला जाता येत नाही त्यानं त्याच गावातल्या दुसऱ्या मतदाराला आपलं मत सोपवावं, त्यानं ते स्वतःच्या मताबरोबर द्यावं, अशी इथं साधी रीत होती. मुलगा युट्रेख्टचा, त्याला इथलं मत देता येत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांची बोटं तपासलेल्या शामलाला हे सगळं अंगावर आल्यासारखं झालं. माणूस घरी बसणार, त्याचं मत दुसऱ्याच्या खिशातून जाणार, आणि आत पडद्याआड कुणी काही बघणार नाही.

"आणि कुणाला द्यायचं?" तिनं विचारलं.

"यादी नऊ. चौथं नाव."

तिनं कप खाली ठेवला. तून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाहेरून फार लोक येतायत गं आता. आमच्या पोरांना गावात घर मिळत नाही. तुझ्याबद्दल नाही म्हणत मी." मग त्यांनी साखरेचं भांडं तिच्याकडे सरकवलं. शामला पास पर्समध्ये टाकून घरी आली. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते तिला तिथं बोलताही आलं नव्हतं.

शनिवारी वर्ग सुटल्यावर तिनं मीनलला सगळं सांगितलं. मीनलला प्रश्नच पडला नाही. "शामला, सिम्पल आहे. दोन्ही मतं आपल्याला दे. बॅलट सीक्रेट असतो, कोण चेक करणारे? आणि हे लोक निवडून आले तर आपला वर्ग कुठे भरवायचा? तुझ्या लिव्हिंग रूममध्ये?"

"त्यांनी विश्वासानं दिलंय."

"विश्वास ठीक आहे. पण ते तुझ्याच हातानं तुझी खोली काढून घेतायत, हे कळतंय ना तुला?"

शामलाला कळत होतं. सगळ्यात वाईट हे, की मीनलचं चूक आहे असं तिला ठामपणे म्हणता येईना. राघवनं सुचवलं, की पास परत देऊन टाक, सांग मला जमत नाही म्हणून. तेही तिला पटेना, कारण मग तूनचं मत वायाच जाणार होतं. जुईनं कानातला इअरफोन काढून एवढंच म्हटलं, "मम, इट्स हिज व्होट. नॉट युअर्स." आणि तो परत कानात घातला. पोरगी बोलली ते खरं होतं, पण तिला शनिवारचा वर्ग चालवायचा नव्हता.

बुधवार उजाडला. आवरून, पोळ्या करून, दोन्ही पास पुन्हा पुन्हा तपासून शामला निघाली. मतदान होतं त्याच सभागृहात. पुढच्या दालनात टेबलं मांडली होती आणि मागच्या खोलीचं दार उघडं असल्यामुळे तिला आतला फळा दिसत होता. शनिवारचं 'कमळ' कुणी पुसलं नव्हतं. टेबलावरच्या बाईंनी तिचं ओळखपत्र पाहिलं, तूनच्या ओळखपत्राची प्रत पाहिली, सही पडताळली आणि सतरंजीएवढ्या दोन मतपत्रिका तिच्या हातात दिल्या. शामलानं सवयीनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं. बाई बघतच राहिल्या. शामलानं ओशाळून हात मागे घेतला.

आडोशाला जाऊन तिनं दोन्ही कागद उलगडले आणि तिथंच तिची खरी पंचाईत झाली. दोन्ही कागद अगदी एकसारखे होते. हा तुझा, हा त्यांचा, असं कशावरही लिहिलेलं नव्हतं. दोरीला बांधलेली लाल पेन्सिल एकच होती. सहा नंबरच्या यादीत तिच्या उमेदवाराचं नाव होतं, नऊ नंबरच्या यादीत चौथं नाव होतं. पेन्सिल तीन रकाने डावीकडे सरकवली असती तर खोली वाचायला मदत झाली असती आणि जगात कुणालाही कळलं नसतं. शामलाचा हात सहावरच गेला होता. तिला फळ्यावरचं कमळ आठवत होतं, श्रीहर्षचा वाकडा 'ळ' आठवत होता.

मग ती म्हातारी आठवली. ज्यानं माझं मत दिलं त्यानं ते कुणाला दिलं, तेवढं तरी सांगा. इतक्या वर्षांत शामलाला पहिल्यांदा वाटलं, की त्या दिवशी मत देऊन पसार झालेल्या माणसाकडेही कदाचित त्याचं असं एखादं चांगलं कारण असेल. त्याचीही एखादी खोली वाचवायची असेल. आणि तरीही म्हातारी शाईकडे बघतच घरी गेली होती.

तिनं आधी तूनचं मत दिलं. नऊ नंबर, चौथं नाव. नावापुढचा गोल नीट भरला, रेघेबाहेर जाऊ दिला नाही, जणू तपासायला कुणी बसलंय. मग दुसऱ्या कागदावर स्वतःचं दिलं. दोन्ही घड्या घातल्या आणि मतपेटीपाशी गेली. मतपेटी म्हणजे चाकांचा कचऱ्याचा मोठा डबाच होता, झाकणाला फट पाडलेला आणि कुलूप घातलेला. इथं बऱ्याच गावांत असाच वापरतात. शामलानं बघितलं, डबा बरोबर तोंडानं उभा होता. दोन्ही कागद आत पडले आणि कोणता कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. तिचं मत नि तूनचं मत एकमेकांना खोडून गेली, म्हणजे हिशेबात ती मतदानाला आली नसती तरी चाललं असतं. आणि तरी तिला इतकं हलकं वाटत होतं, की बाहेर आल्यावर गाणं सुचलं.

घरी येऊन तिनं चहा केला, उरलेल्या कोथिंबीरवड्या गरम केल्या आणि ताटली घेऊन शेजारी गेली. तून खिडकीशीच बसले होते.

"झालं," ती म्हणाली. "यादी नऊ, चौथं नाव."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"जाताना दात काढायला निघाल्यासारखी चालली होतीस. येताना एक हात सोडून सायकल चालवत होतीस."

शामला त्यांच्यासमोर बसली. धोंडा उतरला होता, म्हणून आता विचारायला भीती नव्हती. "मी कुणाला मत देणार ते तुम्हाला माहीत होतं?"

"इतके दिवस काचेला लावलंयस. सबंध गल्लीला माहीत आहे."

"मग मलाच का दिलंत? पलीकडच्या घरात यान राहतो. तो तर तुमच्याच विचारांचा."

"यानला माझा डबा आत घ्यायला दहादा सांगावं लागतं," तून म्हणाले. "तुला एकदाही सांगावं लागलं नाही." त्यांनी एक वडी उचलली, वास घेतला, खाल्ली. शामलाचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"मला फार जड गेलं," ती म्हणाली. "नऊ नंबरच का हवा होता तुम्हाला?"

तूननी शेल्फावरच्या रीटच्या फोटोकडे मान वळवली. गावाचा मुख्य रस्ता नव्यानं बांधायचा घाट होता आणि त्यात दफनभूमीच्या फाटकापाशी असलेला बसचा थांबा जाणार होता. रीट तिथं होती. तून दर रविवारी फुलं घेऊन त्या बसनं जात. तो थांबा ठेवू असं फक्त नऊ नंबरच्या यादीनं म्हटलं होतं, पान पाचवर. शामला पान तीनवरच थांबली होती.

"आणि तो थांबा काढून सायकलींसाठी रुंद रस्ता करायचा, हे तुझ्या पोस्टरवाल्यांचंच आहे," तून म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

तिनं आपलं मत त्यांच्या बसच्या विरोधात दिलं होतं, आणि ते माहीत असून त्यांनी स्वतःचं मत तिच्या हाती दिलं होतं. ती घाईघाईनं म्हणाली, "मी नेईन ना तुम्हाला गाडीनं. दर रविवारी."

"नेशील. माहीत आहे मला. पण मग दर रविवारी तुला वेळ आहे का ते मला आधी बघावं लागेल. पाहुणे आले, पोरीची परीक्षा आली, की मी गप्प बसायचं. माझ्या बायकोला भेटायला मला कुणाची मेहेरबानी नको. बस हवी."

मग तिनं त्यांना पान तीनवरचं सांगितलं. खोलीचं, शनिवारच्या वर्गाचं, डच सोडून बाकी भाषांना दार बंद होण्याचं.

तून गोंधळले. ते पान त्यांनी वाचलं नव्हतं. "पण ते तुझ्याबद्दल नाही," ते म्हणाले. "तुला कोण काढणार तिथून? मी ओळखतो त्या चौथ्या नावाला. मी सांगेन त्याला, आमच्या शामलाला राहू दे म्हणून."

"सांगाल. माहीत आहे मला," शामला म्हणाली. "पण मलाही मेहेरबानी नको. खोली हवी."

बाहेरून शाळा सुटलेली पोरं सायकलवरून आरडाओरडा करत गेली. तूननी दुसरी वडी घेतली, पण ती हातातच राहिली.

"पहिलं कलम," शामला हळूच म्हणाली. "तुमच्याच घटनेचं. जे जे इथं आहेत ते सगळे."

"ते आलं तेव्हा पेपरात वाचलं होतं," तून म्हणाले. "तेव्हा इथं सगळे आम्हीच होतो. त्यामुळे त्याचं कधी काही वाटलं नाही." मग ते म्हणाले, "मत तर दिलं गेलं. ते आता परत येत नाही."

"ते तुमचं होतं. तसंच असायला हवं होतं."

"हं." त्यांनी वडी ताटलीत ठेवली आणि खुर्चीत सरळ बसले. गिरणीत माग अडला की ते असेच बसत असतील, असं शामलाला वाटलं. "नवीन परिषद बसली की रस्त्याचाही विषय येईल आणि खोल्यांचाही. नाव कळवलं की कुणालाही तिथं उभं राहून काही मिनिटं बोलता येतं. डच असो नसो, मत असो नसो. रीट एकदा गेली होती बोलायला, झाडं तोडू नका म्हणून. झाडं आहेत अजून."

"मग तुम्ही बसचं बोला, मी खोलीचं बोलते."

"छे. म्हातारा बसचं बोलणार आणि बाहेरून आलेली बाई खोलीचं. हे त्यांना आधीच पाठ आहे. माना डोलावतील आणि कॉफी प्यायला जातील." तूनच्या डोळ्यांत डबा फिरवायला आले होते त्या दिवशीची चमक होती. "बसचं तू बोल. खोलीचं मी बोलतो."

शामलाला आधी हसू आलं आणि मग कळलं, की ते थट्टा करत नाहीत. आज तिनं त्यांचा शब्द जपून आत नेला होता, तसा ते तिचा नेणार होते, प्लॅस्टरातला पाय ओढत, त्यांना एक अक्षर न येणाऱ्या भाषेसाठी. रात्री मोजणी व्हायची होती, कोण निवडून येईल ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी तिला खोलीची काळजी पहिल्यासारखी वाटेना. ती आता तिच्या एकटीची राहिली नव्हती.

"पण मला तुझ्या त्या वर्गाचं काही माहीत नाही," तून म्हणाले. त्यांनी टेबलावरचं पेन आणि आल्बर्ट हाइन या किराणा दुकानाची जुनी पावती तिच्याकडे सरकवली. "काय शिकवतेस ते नीट कळल्याशिवाय मी उभा राहणार नाही. पहिल्यापासून सांग."

शामलानं पावती उलटी केली, पेन उघडलं आणि कोऱ्या बाजूवर पहिलं अक्षर मोठं काढलं.

"हा अ," ती म्हणाली.

तूननी चष्मा चढवला आणि पुढे वाकले.